चौथ्या खात्यातला पिवळा

आमच्या घरात बाहुलीचा डोळा सर्वांत शेवटी कोरला जाई. कातडे भिजवणे, चौकटीवर ताणणे, पलीकडे धरलेली ज्योत दिसेल इतके रापीने तासणे, आकृती उतरवणे, दागिन्यांची नि वस्त्रांची छिद्रे पाडणे, रंग भरणे, सांधे ओवणे, पाठीला काठी बसवणे, ही सारी कामे उरकली की माझे वडील, आणि त्यांच्यानंतर माझा मोठा भाऊ, आरी घेऊन बसत आणि एका दमात डोळा कोरीत. तोपर्यंत ती बाहुली फक्त तिच्यावर काम करणाऱ्यांनी पाहायची, असा नियम होता. पाहुण्यांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही, आणि घरातल्या ज्या माणसाने काठी धरायचे सोडले आहे त्यानेही नाही. अर्धवट बाहुली ज्याने पाहिली, त्याचा पडद्यावरच्या सावलीवर पुन्हा विश्वास बसत नाही, असे वडील म्हणत.

मी काठी सतराव्या वर्षी सोडली. तंत्रनिकेतनात यंत्रशाखेला प्रवेश मिळाल्याचे पत्र आले, त्याच आठवड्यात वडिलांनी मागच्या खोलीच्या दाराला जाड कापड लावले. रागाने नव्हे. कापडाची मापे माझ्याकडूनच घेतली, खिळेही मीच ठोकले. "आता तू प्रेक्षकांतला," एवढेच ते म्हणाले. पुढली त्रेपन्न वर्षे मी त्या कापडाच्या अलीकडे राहिलो.

नोकरी मला रंगांच्या कारखान्यात मिळाली. देखभाल विभाग, पंप, गाळणयंत्रे, वाफेच्या नळ्या. कारखान्यात सात खाती होती आणि चौथ्या खात्यात एक पिवळा रंग तयार होई. कागदासाठी, कातड्यासाठी. चिमूटभर पूड बादलीभर कोमट पाण्यात टाकली की पाणी उन्हासारखे पेटून उठे, आणि तरीही आरपार दिसे. त्या खात्यात शिरताना रबरी हातमोजे नि तोंडावर मुखवटा सक्तीचा होता. निघताना आंघोळ. वर्षातून दोनदा तिथल्या कामगारांची, आणि त्या खात्यात जाणारे म्हणून आम्हा देखभालवाल्यांचीही, लघवी तपासली जाई. का, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सांगितले होते.

एकतीस वर्षांपूर्वी दादाने माझ्यापाशी तक्रार केली. मुळ्या उकळून काढलेला आमचा जुना पिवळा विजेच्या दिव्यापुढे टिकत नव्हता. "राजाचा मुकुट चिखलासारखा दिसतो रे. प्रजा बंड करील अशानं." मी पुढल्या वेळी जाताना चौथ्या खात्यातला अर्ध्या किलोचा नमुन्याचा डबा घेऊन गेलो. तसे डबे अधिकाऱ्यांना सहज मिळत.

मी निष्काळजी माणूस नाही. डबा देताना मी विचार केला होता. धोका पुडीच्या धुळीत आहे, ती श्वासातून आत जाते. पाण्यात कालवलेला रंग कुंचल्याने कातड्यावर लावायचा, त्यात काय जाणार? तरीही मी दोन सूचना दिल्या. डबा उघडताना नाकाला फडके बांधा. आणि काम झाले की साबणाने हात धुवा, रंग पोटात जाता कामा नये.

"रंग कोण खातो, भाऊजी?" वहिनी म्हणाली.

"तुझा स्वयंपाक खाल्लेल्या माणसाला रंगाची काय भीती," दादा म्हणाला. आम्ही तिघेही हसलो.

त्या हंगामातल्या पहिल्या खेळात मुकुट पडद्यावर आला तेव्हा प्रेक्षकांतून कौतुकाचा उद्गार उठला. त्यानंतर विदूषक आला. आमच्या खेळात विदूषकाला मोकळीक असते; तो कथेतून बाहेर पडून समोरच्या माणसांची चेष्टा करतो. त्याची मान वळवता येते, म्हणून तो कुणाकडे पाहतो आहे हे सर्वांना कळते. मी नेहमी उजवीकडे, तिसऱ्या रांगेत बसत असे. विदूषकाने मान वळवली. "साहेब आले वाटतं," दादाचा तो चिरका आवाज म्हणाला, "सावल्यांनो, ताठ उभ्या राहा, मोजपट्टी आली आहे. आणि हात जोडा. या माणसाने सूर्य डब्यात भरून आणला." लोक वळून माझ्याकडे पाहू लागले. मी लाजलो, आणि खरे सांगायचे तर सुखावलोही. त्यानंतर मी आलेल्या प्रत्येक खेळात विदूषक मला शोधून काही ना काही बोलल्याशिवाय पुढे गेला नाही.

दर दीड-दोन वर्षांनी एक डबा, असे मी निवृत्त होईपर्यंत पोचवले. निवृत्तीच्या आधी सहा डबे जास्तीचे घेऊन ठेवले. रंगकाम सगळे वहिनीचे होते. तिची मुलगी, आम्ही तिला धाकटी म्हणतो, पंधराव्या वर्षापासून आईच्या हाताखाली रंग भरू लागली. हे मला ऐकून माहीत होते. पाहिले नव्हते. कापडाच्या पलीकडे जाण्याचा मला अधिकार नव्हता आणि मी तो कधी मागितलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी वहिनीला लघवीतून रक्त जाऊ लागले. तिने चार महिने कुणाला सांगितले नाही. मूत्राशयात गाठ निघाली. रुग्णालयात दाखल करताना दादा तिच्याजवळ बसला होता, म्हणून फॉर्म मी भरला. नाव, वय, पत्ता, आधीचे आजार. सहावा रकाना व्यवसायाचा होता. त्याच्याखाली बारीक अक्षरात छापले होते: रबर, रंग, कातडे यांपैकी कशाशी संबंध आला असल्यास लिहावे.

चौथ्या खात्यातली दोन माणसे त्याच आजाराने गेली होती. दोघांच्याही अंत्ययात्रेला मी होतो.

मी पेन उचलले आणि लिहिले: गृहिणी. स्वतःशी म्हणालो की कुंचल्याने रंग लावून हे होत नाही; हातमोज्यांशिवाय वर्षानुवर्षे पुडीत राबणाऱ्यांना होते. म्हणालो की उगाच डॉक्टरांना भलतीकडे कशाला न्या. लिहिताना माझे अक्षर नेहमीसारखेच सुबक आले. वहिनी अकरा महिन्यांनी गेली.

ती गेल्यावर दादाने खेळ बंद केले. मग संग्रहालयातून पत्र आले. तिथे जगभरच्या छायाबाहुल्यांचे दालन उभे राहात होते आणि त्यांना आमच्या बाहुल्यांचा बारा नगांचा नवा संच हवा होता. उद्घाटनाला एक खेळही. दादा जाणार नव्हता. काचेआडची बाहुली म्हणजे खुंटीला टांगलेला सदरा, असे त्याचे मत होते. धाकटीने त्याला तयार केले. आम्ही तिघे दालन पाहायला गेलो.

संचालिका बाई मनापासून दाखवीत होत्या. एका देशातल्या बाहुल्या गाढवाच्या कातड्याच्या, इतक्या नाजूक की बोटांची पेरे वेगळी हलतात. दुसऱ्या देशातल्या म्हशीच्या कातड्याच्या, लांब हातांच्या. तिथे काही प्रेक्षक मुद्दाम बाहुल्या नाचवणाऱ्याच्या बाजूला, पडद्यामागे बसून खेळ बघतात. तिसरीकडे उंटाचे कातडे.

"गाढवाचं कातडं," दादा काचेत वाकून म्हणाला. "आमच्याकडे गाढवं पडद्यासमोर बसतात. त्यांना सोलायचं कुणाला सुचलं नाही."

"बाबा," धाकटी म्हणाली.

बाई हसल्या. उंटाच्या कातड्याच्या दोन बाहुल्यांपाशी थांबून त्या म्हणाल्या, "यांची एक दंतकथा आहे. इतिहास नव्हे. दोन कामगार एका इमारतीवर काम करताना इतके विनोद करीत की बाकीचे हातातलं काम टाकून ऐकत बसत. राजाने दोघांना ठार केलं आणि मग त्याला पश्चात्ताप झाला. तेव्हा कुणीतरी त्यांना सावल्यांतून परत आणलं."

"म्हणजे विनोद करणारे मेले तेव्हा आमचा धंदा जन्मला," दादा मला म्हणाला. " साहेब, टिपून घ्या."

"दुसऱ्या एका देशात याहून जुनी कथा सांगतात. एका सम्राटाची आवडती राणी वारली. तो अन्नपाणी घेईना. तेव्हा एकाने रात्री पडद्यामागे दिवे लावून तिची सावली त्याला दाखवली. अट एकच होती. सम्राटाने पडद्यामागे यायचं नाही."

दादा काचेपासून बाजूला झाला. म्हणाला, "मग गेला का तो?"

"कथेत तसं काही नाही."

"शहाणा असेल तर नसेल गेला."

परत येताना गाडीत त्याने मला डबा मागितला. माझ्याकडचा शेवटचा डबा कपाटात होता. दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन गेलो. दादाने झाकण हलवून पाहिले आणि जाड कापडाकडे बोट केले. "आत ये."

"मी?"

"ती गेली, हात कमी पडतात. माझी बोटं आता सरळ रेघ काढत नाहीत, तुझी काढतात. बारा आकृत्या उतरवून दे. नियम माझ्या घरचा आहे, मी मोडतो."

सत्तराव्या वर्षी मी त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकले. खिडकीपाशी बैठे मेज, त्यावर उलटा ठेवलेला दिवा, काचेचा तुकडा, वाट्या. भिंतीवर हात नसलेली राणी, धड नसलेला घोडा, आणि सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी कोरे कातडे. मी पेन्सिली मांडल्या, पहिले कातडे पिनांनी बसवले आणि मधली रेघ आखली. समोर धाकटीने वाटीत रंग कालवला. नाकाला तिने फडके बांधले होते. पुडीसाठी. माझी पहिली सूचना ते घर एकतीस वर्षे पाळत आले होते.

मग तिने फडके खाली ओढले, कुंचला वाटीत बुडवला, ओठांत धरला, फिरवून बाहेर काढला. केसाएवढे टोक आले. त्या टोकाने तिने राणीच्या कानातल्या दागिन्याची कड भरली. पुन्हा वाटी, पुन्हा ओठ.

"हे काय करतेस?" मी विचारले.

"टोक काढते, काका. कातड्यावर थेंब पडला तर पसरतो ना. पाण्याने टोक राहत नाही, थुंकीनेच राहतं." तिच्या खालच्या ओठाला पिवळी झाक होती. "आई तर एका दागिन्याला दहा-दहा वेळा करायची. जिभेवरून सांगायची, घट्ट झालाय का पातळ."

मी हिशेबी माणूस आहे आणि त्या क्षणीही माझ्या डोक्याने आकडेच मांडले. दहा वेळा एका दागिन्याला. एका बाहुलीला चाळीस दागिने. वर्षाला पंधरा-वीस बाहुल्या. वहिनीची एकोणतीस वर्षे. धाकटीची अठरा.

"हा डबा ओल धरून बसलाय," मी म्हणालो. "चकाकी येणार नाही. आज राहू दे. दुसरा आणतो." मी वाटी मोरीत ओतली, कुंचले उचलले, डबा पिशवीत घातला. तिला काहीच वावगे वाटले नाही. रंगांतले मला कळते, असा त्या घराचा समज होता.

ती युक्ती पुरेशी होती. मी बाजारातून मिठायांत घालतात तो पिवळा आणून दिला असता तर काम चालू राहिले असते, कुणाला काही कळले नसते, आणि विदूषकाने मला तिसऱ्या रांगेत शोधले असते. फक्त एक गोष्ट राहिली असती. अठरा वर्षे जे पोटात गेले आहे ते धाकटीला कळले नसते, आणि ती चार महिने कुणाला न सांगता रक्त पाहात बसली असती. आईसारखीच. मी सकाळपर्यंत दोन्ही बाजू तोलल्या. तोलण्यासारखे काही नव्हते, तरीही तोलल्या.

सकाळी दादा अंगणात चौकटीवर कातडे तासत होता. धाकटी दोरा आणायला गेली होती. मी उभ्यानेच सांगितले.

"दादा, त्या रंगाबद्दल बोलायचं आहे."

"संपला म्हणू नकोस. तीन मुकुट राहिलेत."

"तो विषारी आहे."

रापी थांबली नाही. "आता झाला, की आधीपासून होता?"

"आधीपासून."

"आणि तुला कळलं कधी?"

"आधीपासून."

तो खालून वर एकसारखे हात मारीत राहिला. कातड्याचे पांढरे कुरळे त्याच्या मांडीवर पडत होते. मी कारखान्यातले सारे सांगितले, मोजे, आंघोळ, तपासणी. ती दोन माणसे. कुंचला तोंडात घालतात हे मला काल कळले, तेही सांगितले.

"तुला कसं कळणार," तो म्हणाला. "तुला आत कुठे येऊ दिलं आम्ही. नियम माझा, डबा तुझा." त्याच्या आवाजात राग नव्हता. "म्हणजे तिला आपण दोघांनी मिळून."

"आणखी एक आहे."

मी फॉर्मबद्दल सांगितले. सहाव्या रकान्यात काय छापले होते आणि मी काय लिहिले.

आता रापी थांबली. "खरं लिहिलं असतंस तर ती वाचली असती?"

"नाही. फार पुढे गेलं होतं."

"मग?"

"डॉक्टरांनी विचारलं असतं, हे काम घरात आणखी कोण करतं. धाकटीची तपासणी तेव्हाच झाली असती. दोन वर्षं आधी."

त्याने रापी पुन्हा कातड्याला लावली आणि एकच हात मारला. ताणलेले कातडे मधोमध फाटले. त्या घरात तासताना कातडे फाटलेले मी कधी पाहिले नव्हते. तो त्या चिरेकडे पाहात राहिला.

"ती आली की तिला घेऊन जा," तो म्हणाला. "आजच. मला तिच्याशी बोलता येणार नाही. तूच सांग."

धाकटीला मी रुग्णालयाच्या वाटेवर, टॅक्सीत सांगितले. ती खिडकीबाहेर बघत होती. तिने विचारले, "आईला कळलं होतं?"

"नाही."

"बरं झालं." मग म्हणाली, "तुमचे डबे ती कुणाला हात लावू द्यायची नाही, काका. मला वाटीत कालवलेला रंग मिळायचा, डबा हातात मिळाला तो चार वर्षांनी. भाऊजींनी दिलाय, सांडू नकोस, म्हणायची."

या वेळचा फॉर्म तिने स्वतः भरला. मी शेजारी बसलो होतो, पण तिने कागद माझ्याकडे दिला नाही. सहाव्या रकान्यात लिहिले: छायाबाहुल्या रंगवते. अठरा वर्षे. कुंचला ओठांनी टोकदार करण्याची पद्धत. रंगाचे रासायनिक नाव तिने मला विचारून घेतले आणि अक्षरे दोनदा तपासली.

तिला तांदळाच्या दाण्याएवढी एक वाढ निघाली. दुर्बिणीने काढली. आता दर तीन महिन्यांनी आत पाहायचे, मग सहा, मग आयुष्यभर वर्षातून एकदा. पुन्हा येईल का, या प्रश्नाला डॉक्टरांनी येऊ शकते असे उत्तर दिले आणि आकडा सांगितला. तो मी लिहून ठेवला आहे. दोन वर्षे आधी तपासणी झाली असती तर काय, हे विचारण्याची मला गरज पडली नाही. त्यांनी आपण होऊनच सांगितले.

बारा बाहुल्यांचा संच पिवळ्यावाचून पूर्ण झाला. बाजारचा कुठलाही पिवळा दादाला आता नको होता आणि मुळ्यांचा जुना रंग करणारे कुणी उरले नव्हते, म्हणून मुकुटांच्या जागी दादाने नुसते पातळ कातडे ठेवले. आकृत्या मी घरी बसून कागदावर काढून पाठवल्या. जुन्या बाहुल्या, चौथ्या खात्यातल्या पिवळ्याच्या, घरात एकशे सव्वीस उरल्या होत्या. त्या धाकटीने हाताळू नयेत म्हणून दादाने त्या सर्व संग्रहालयाला काचेआड ठेवायला देऊन टाकल्या. त्यांतल्या एका राणीला डोळा नव्हता. एका कानातले भरलेले, दुसऱ्यातले कोरे. संचालिका बाईंनी विचारले तेव्हा दादा म्हणाला, "ती अजून कुणी पाहिलेली नाही. लावू नका." त्यांनी ती खणात ठेवली.

उद्घाटनाचा खेळ दुपारी होता. खिडक्यांना काळे पडदे लावून सभागृहात अंधार केला होता. मला निमंत्रण संग्रहालयाकडून आले. धाकटीला इस्पितळात नेणे-आणणे मी करीत होतो आणि ती माझ्याशी बोलत असे, पूर्वीइतके नाही, पण बोलत असे. दादा त्या सकाळनंतर माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. मी उजवीकडे, तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

दिवा लागला. राजा आला; त्याच्या डोक्यावरचा मुकुट रंगहीन, नुसता उजेडाचा होता. वहिनीचे संवाद धाकटी म्हणत होती. मग ढोलवाल्याने ती ओळखीची दुडकी चाल धरली आणि विदूषक उड्या मारीत पडद्यावर आला. त्याने पहिल्या रांगेतल्या एका लठ्ठ पाहुण्याला टोमणा मारला, संचालिका बाईंच्या चष्म्यावर काहीतरी म्हटले, लोक हसले. मग त्याची मान हळूहळू उजवीकडे वळली आणि थांबली.

ढोलवाल्याला ती जागा तीस वर्षे पाठ होती. त्याने दोन थापा देऊन हात उचलला आणि वाट पाहिली.

विदूषक माझ्याकडे पाहात होता. कातडे, काठी आणि दिवा यांपलीकडे त्यात काही नाही, हे मला या सभागृहातल्या कुणाहीपेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. मी हात मांडीवर ठेवून बसलो. पडद्यामागून कुणी बोलले नाही.

ढोलवाल्याने पुन्हा दोन थापा दिल्या. विदूषकाची मान समोर वळली आणि खेळ पुढे गेला.